विस्तव चुलीतच राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी वाढली की 'बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका' अशी सूचना पेपरात येते. सूचना बरोबरच आहे. पण घरात पांघरूण अपुरं असेल तर रात्र काढायची कशी, ते त्यात नसतं. मी गोंदिया जिल्ह्यातली, अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. इथली थंडी काय असते ते नागपूरकरांनीही २९ डिसेंबर २०१८ ला चाखलं, त्या दिवशी तिथे पारा ३.५ अंशांवर गेला होता.

माझी सासू रात्री चूल विझवत नसे, निजवत असे. जेवणं आटोपेपर्यंत बाभळीच्या खणखणीत वाळलेल्या खोडाचे जाड निखारे झालेले असत. ते मागच्या भिंतीशी एकाला एक लावून सारायचे आणि वरून दोन बोटं राख. हवा बेताची मिळाली की निखारा दमानं जळतो. राख जास्त पडली तर तो विझतो आणि कमी पडली तर मध्यरात्रीच संपून जातो. हा अंदाज यायला मला दोन हिवाळे लागले, आणि तोवर बोलणीही खावी लागली. शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या यासाठी कामाच्या नाहीत, भुर्रकन जळून जातात. त्या पहाटेला ठेवायच्या. राख सारून दोन तुराट्या टाकल्या, फुंकणी मारली की काडेपेटीशिवाय चूल पेटे. रात्रभर वर ठेवलेला पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, कोमट असायचा तो वेगळाच.

ते घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. धूर, हवा सगळं वरून निघून जायचं. आता आम्ही घरकुलात राहतो. पंचवीस चौरस मीटर, वर स्लॅब, एक दार, लोखंडी खिडकी. पक्कं घर मिळालं याचा आनंद आहेच, पण ते घर कवेलूच्या घरासारखा श्वास घेत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत सून बाळंत झाली. बाळंतिणीला शेक हवाच, म्हणून मीच घमेल्यात निखारे भरून बाजेखाली ठेवले. खिडकीच्या फटीत लुगडं कोंबलं, तेही मीच. धूर नव्हता, वास होता तो फक्त ओव्याचा. पहाटे माझं डोकं फुटायला आलं, सुनेला ओकारी झाली, तान्ही पोरगी हलवूनही नीट जागी होईना. मला वाटलं रात्रीची भाजी बाधली. शेजारीण दूध द्यायला आली म्हणून दार उघडलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो, हे त्यांनी मग समजावलं. तिघीही वाचलो. तीस वर्षं मी गावातल्या आयांना आरोग्याचं शिकवत होते, हे लिहिताना लाज वाटते.

तेव्हापासून विस्तव परसातल्या चुलीत. झोपण्याआधी दोन विटा चुलीच्या तोंडाशी तापवायच्या, हाताला सोसतील इतपत झाल्या की गोणपाटात गुंडाळून पायाशी घ्यायच्या. खाली धानाची तनस, म्हणजे भाताचा पेंढा, वर गोधडी. मध्यरात्री उठलंच तर राखेखाली निखारे असतातच, विटा पुन्हा तापतात. बाळंतिणीला शेक द्यायचा तो दिवसा, दार-खिडकी सताड उघडी ठेवून आणि कोणीतरी जागं असताना. शेक झाला की घमेलं लगेच बाहेर.

माझं मागणं दोन गोष्टींचं. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातातच, त्यांनी हिवाळ्यात बाजेखाली वाकून पाहावं. आणि घरकुल बांधताना मिस्त्रीनं स्लॅबखाली समोरासमोर दोन झरोके सोडावेत. झरोके असले तरी निखारे आत ठेवून झोपायचं नाहीच, पण निदान घर कोंडलेलं राहणार नाही. आमच्या घराला ते नंतर फोडून घ्यावे लागले. छिन्नी-हातोडीचं काम, मजुरी वेगळी, आणि सिमेंटची धूळ आठ दिवस भातात.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया