सत्तासंघर्षाचा अर्धाच निकाल : वृत्तवाहिनीला तक्रार पत्र

सातारा,
१२ मे २०२३

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वृत्तवाहिनी कार्यालय, मुंबई

विषय : ११ मे रोजी सत्तासंघर्षाच्या निकालाचे एकतर्फी वार्तांकन

महोदय,

आपली वाहिनी मी दरमहा पैसे मोजून घेतो. काल दुपारपासून रात्री दहापर्यंत ती लावून बसलो होतो. 'ठाकरेंना दणका, शिंदे सरकार तरले' ही पट्टी काही हलली नाही.

ती खोटी नाही. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलेच. पण राज्यपालांनी ती चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) म्हणून मान्यता देणे बेकायदा होते, हेही त्याच पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. या दोन्हींना रात्री नऊच्या तासाभराच्या चर्चेत पावणेदोन मिनिटे मिळाली. मी घड्याळ लावून वहीत टिपले आहे.

त्याहून गंभीर म्हणजे 'आमदार वाचले' असे आपल्या निवेदकाने सांगून टाकले. कशावरून? शिंदे गटाच्या आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यायचा आहे, तो अजून व्हायचाच आहे. मी दिवाणी न्यायालयातून बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालो. पक्षकाराला अर्धाच निकाल वाचून दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली असती.

चर्चेतले 'राजकीय विश्लेषक' गेल्याच आठवड्यात आपल्याच पडद्यावर सत्ताधाऱ्यांचे प्रवक्ते म्हणून बसले होते. ठाकरे गटाच्या प्रवक्त्यांनी 'राज्यपाल' म्हटले की आवाज जायचा. तीनदा गेला.

मी ठाकरेंचा माणूस नाही. शिंदे आमच्या जिल्ह्यातल्या दरे गावचे, आमच्या घरात त्यांचे कौतुकच आहे. दुसरी एक वाहिनी काल 'राज्यपालांना चपराक' एवढेच घोकत होती. पण ती फुकट दिसते, तिचे पैसे मी भरत नाही.

'आमदार वाचले' या विधानाची दुरुस्ती रात्री नऊच्याच बातम्यांत करावी, पहाटेच्या पट्टीत नको. राज्यपाल आणि प्रतोद यांच्याविषयी न्यायालय काय म्हणाले, तेही तिथेच सविस्तर सांगावे. त्या पाहुण्यांची खरी ओळख द्यावी. नियमाप्रमाणे १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करीन. वहीच्या पानांची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार