एकच विषय, ३,२११ भाषणे

अधिवेशन संपले की कोणत्या खासदाराने किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला याचे तक्ते छापून येतात. ते वाचताना मला अमेरिकी सिनेटमधले विस्कॉन्सिनचे विल्यम प्रॉक्समायर आठवतात. वंशसंहारविरोधी करार संयुक्त राष्ट्रांनी १९४८ साली संमत केला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पुढच्याच वर्षी तो सिनेटकडे पाठवला आणि तिथे तो अडकला. (भारताने १९५९ मध्येच त्याला मान्यता दिली होती!) अमेरिकेच्या सार्वभौमत्वाला बाधा येईल, ही विरोधकांची सबब, दक्षिणेतल्या काहींना वर्णभेदावर बोट ठेवले जाण्याची धास्ती. शिवाय मंजुरीला दोन तृतीयांश मते हवीत. जानेवारी १९६७ पासून प्रॉक्समायर यांनी सिनेट भरेल त्या प्रत्येक दिवशी यावर बोलायचा नेम धरला. भाषण छोटेसेच, पण खंड नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये करार ८३ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला, तोवर ३,२११ भाषणे झाली होती. ही मंजुरीही अटी जोडूनच, आणि अंमलबजावणीचा कायदा यायला १९८८ उजाडले.

आपल्या तक्त्यांत अशा माणसाची नोंद कशी होईल? संख्या दिसेल, चिकाटी नाही. राज्यसभेत शून्य प्रहरात तीनच मिनिटे मिळतात हे खरे. पण सदस्यत्व सहा वर्षांचे असते. महाराष्ट्रातल्या राज्यसभा सदस्यांपैकी कोणी कोणता विषय सलग लावून धरला, हे आपल्या दैनिकाने एकदा छापावे.

– एक वाचक, डोंबिवली