ब्रेलला पर्याय नाही

महोदय,

अंध विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्यांत ‘निसर्गाने दृष्टी हिरावली, पण इतर इंद्रिये तल्लख करून भरपाई केली’ अशा अर्थाचे वाक्य हमखास असते. हेतू चांगला असला तरी ते अर्धसत्य आहे. दृष्टी गेली म्हणून बोटाची त्वचा किंवा कानाचा पडदा काही निराळा होत नाही. बदल घडतो तो मेंदूत, आणि त्याला मोठा हातभार सरावाचा असतो.

डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्राला डोळ्यांकडून संदेश मिळेनासे झाले, तरी ते स्वस्थ बसत नाही. लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचत असताना हेच क्षेत्र कार्यरत होते, असे १९९६ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले. पुढच्याच वर्षी चुंबकीय स्पंदनांनी या क्षेत्राच्या कामात क्षणभर अडथळा आणला असता, अशा वाचकांच्या वाचनात चुका होऊ लागल्या. त्याहून बोलके उदाहरण २००० मध्ये नोंदवले गेले. ब्रेल अस्खलित वाचणाऱ्या एका अंध महिलेच्या मेंदूच्या नेमक्या याच भागाला पक्षाघाताने इजा झाली. बोटांना स्पर्श कळत होता, रोजच्या वस्तू चाचपून ओळखता येत होत्या, पण ब्रेल वाचता येईना.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, मग ब्रेल शिकवायचे कशाला, असा सूर हल्ली पालकांकडून आणि (खेदाने म्हणावे लागते) काही शिक्षकांकडूनही ऐकू येतो. भारती ब्रेलमधील, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीतील, ‘ब’ आणि ‘क’ यांत फरक असतो तो एका टिंबाच्या जागेचा, म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटरचा. तो बोटाला सहज उमगावा यासाठी कोवळ्या वयातील रोजचे वाचन लागते, कारण मेंदूची ही फेरमांडणी लहान वयात अधिक सुलभ असते. शिवाय ऐकून गोष्ट समजते, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे समजतातच असे नाही.

मोबाइलला विरोध नाही. मात्र पहिलीपासून प्रत्येक अंध मुलाच्या हाती ब्रेल पाटी असावी आणि ब्रेल पाठ्यपुस्तके इतर मुलांच्या पुस्तकांबरोबरच जूनमध्ये मिळावीत, एवढी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, पुणे