शपथ एका दिवसाची, दुपार रोजचीच

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने, शाळांमध्ये फेऱ्या निघतात, शपथ दिली जाते आणि सडलेल्या फुप्फुसांची चित्रे पडद्यावर दाखवली जातात. हे सारे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु शाळकरी मुलांची समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर, मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्याच्या कामी या उपक्रमांचा फार उपयोग होत नाही, हे मला स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. १९८३ साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस वर्गात जाऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके सांगत असत आणि पालकांमध्येही तो अतिशय लोकप्रिय होता. मात्र पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत, या कार्यक्रमात सहभागी झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या व्यसनांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. याचे कारण कुमारवयाच्या घडणीतच आहे. सुखाची आणि थराराची ओढ निर्माण करणारे मेंदूचे भाग या वयात जोमाने काम करू लागलेले असतात, तर त्या ओढीला आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. चाळीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाचे चित्र चौदा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी हादरवते, पण संध्याकाळी मित्राने सिगारेट पुढे केली की त्याच्यासमोर फक्त मित्राचा चेहरा असतो.

म्हणूनच ‘नाही म्हणा’ असे सांगणे पुरेसे नाही, त्याचा सराव करून घ्यावा लागतो. आमच्या एका सत्रात एक विद्यार्थिनी म्हणाली, “नाही म्हणणं सोपं आहे हो बाई, पण त्यानंतर ते म्हणतात, ‘घाबरलीस का?’ तेव्हा काय बोलायचं?” त्या दिवशी आम्ही पाऊण तास फक्त या एका प्रश्नावर घालवला. मुलांनी आळीपाळीने आग्रह करणाऱ्याची आणि नकार देणाऱ्याची भूमिका केली. सुरुवातीला खूप हसणे झाले, मग एकेकाला आपले असे उत्तर सापडत गेले. “घाबरले तर घाबरले, मला नको,” हे त्या मुलीचे उत्तर होते.

पहिला अनुभव जितका पुढे ढकलला जाईल तितके हिताचे, हेही पालकांना सांगायला हवे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पंधरा वर्षांच्या आत मद्य घेऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी मद्याच्या आहारी गेल्याचे दिसले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. ‘घरात आमच्यासमोर एखादा घोट घेतला तर काय बिघडले,’ असे म्हणणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा.

या बाबतीत आइसलँडचे उदाहरण मला सर्वांत आश्वासक वाटते. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिनाभरात दारूच्या नशेत असल्याचे पाहणीत दिसले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज धूम्रपान करणाऱ्या मुलांचे प्रमाण २३ वरून ३ टक्क्यांपर्यंत घसरले. तेथे भर दिला गेला तो मुलांच्या मोकळ्या वेळेवर. खेळ आणि संगीतासाठी सरकारी निधी मिळाला, मुलांनी रात्री उशिरा एकटे बाहेर राहू नये या नियमाची अंमलबजावणी झाली, पालकांनी आपसांत करार केले आणि मुलांसोबत अधिक वेळ घालवण्याचा आग्रह धरला गेला. शिवाय मुलांची पाहणी नियमितपणे होत राहिली, त्यामुळे कोणत्या वस्तीत काय घडते आहे हे स्थानिक लोकांना कळत होते.

आपल्याकडे नेमके उलटे घडते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. नववीतला एक मुलगा सतत रुमाल नाकाशी धरायचा. त्या रुमालाला थिनरचा वास होता आणि त्याच्या ओठांभोवती पुरळ उठले होते. असे द्रव हुंगल्याने हृदयाची लय बिघडून अगदी पहिल्या वेळीही मृत्यू ओढवू शकतो, त्यामुळे तातडीने वैद्यकीय मदत मिळवणे हे पहिले काम होते. शाळेने मात्र दुसऱ्याच दिवशी त्याच्या हाती दाखला ठेवला. इतर मुलांवर परिणाम होईल, ही शाळेची काळजी मी समजू शकते. पण शाळेतून काढल्यावर त्याचा सारा दिवस ज्यांनी त्याला ती सवय लावली त्यांच्याच सोबतीत जाऊ लागला. “आता दुपारी मी कुठे जाऊ?” असे त्याने मला विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शाळा व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की, येत्या २६ जूनच्या आधी आपल्या नियमावलीतील काढून टाकण्याचे कलम बाजूला ठेवावे आणि त्याजागी पालकांशी बोलणे, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि शाळेतच राहण्याची हमी, या बाबी लिहून घ्याव्यात.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक