रविवारची राजगड मोहीम : नववीच्या पालकांसाठी आठवण

नमस्कार पालकहो,
रविवारी पहाटे ५ वाजता शाळेच्या फाटकातून बस सुटेल. गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर चढायचं, दुपारी सुवेळा माची पाहून त्याच वाटेने उतरायचं.

प्रत्येकाकडे किमान २ लिटर पाणी, टोपी आणि पायात रुळलेले बूट हवेत. नवे कोरे बूट नकोत, फोड येतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ अजिबात लावू नका; गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळतात. त्याच कारणासाठी वर आरडाओरडाही नाही. दमा, फिट किंवा ॲलर्जी असेल तर शुक्रवारपर्यंत मला वैयक्तिक कळवा, लपवू नका.

एक मनापासून विनंती. सॅक मुलांनाच भरू द्या. आठ-आठ जणांच्या तुकड्या आहेत, दर तासाला नायक बदलेल आणि सर्वांत हळू चालणारा पुढे असेल. एरवी वर्गात गप्प बसणारी मुलं अशा वेळी बोलायला लागतात, हे मी दरवर्षी बघते. मोबाइल घरीच ठेवायचे. शिक्षकांकडे फोन असतील.

संमतीपत्र उद्याच द्या.