मुक्ताला, मॉस्कोच्या पत्त्यावर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू उजवा हात शालीबाहेर काढलाच नाहीस. चहाही डाव्या हातानं प्यायलीस. बाबांच्या लक्षात आलं नाही. मनगटाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

प्रोकोफिएव्हचा पियानोसाठीचा सातवा सोनाटा तुझ्या वाट्याला आल्याचं कळल्यापासून घरात पियानोवादक रिख्टर चालू असतो. ऐन युद्धात, १९४२ मध्ये पुरा झालेला हा सोनाटा त्यानं चार दिवसांत बसवला आणि जानेवारी १९४३ मध्ये मॉस्कोतच पहिल्यांदा वाजवला. पण चार दिवस रिख्टरला पुरले, म्हणून तू रात्री जागवायच्या नाहीत. हात दुखत असताना तर नाहीच नाही.

सोनाटाच्या शेवटच्या भागात सात मात्रा ऐकल्या आणि नानांचा रूपक ताल आठवला. पाटावर बसून तू टाळी-खाली धरायचीस, चुकलीस की नाना तबला थांबवायचे, रागावायचे मात्र नाहीत. त्यांचा रूपक तीन-दोन-दोन, हा दोन-तीन-दोन. खाली डाव्या हातात तेच तेच स्वर ठोकले जातात, त्यामुळे जोर पहिल्या पानावरच लावावासा वाटत असेल. लावू नकोस. शेवटच्या पानावरच्या उड्यांसाठी हातात काही उरलं पाहिजे. आणि मधला संथ भाग गाऊन बघ, खरंच गळ्यातून. तो नुसता गोड नाही, पुढे त्यात घंटा वाजायला लागतात. तिथे तू श्वास कुठे घेतेस ते मला ऐकायचंय.

संगीतकार स्क्रियाबिन मॉस्कोतच शिकत होता, तुझ्याच वयाचा. अवघड रचनांचा अतोनात रियाज करून त्यानं उजवा हात दुखावून घेतला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पहिल्या सोनाटाच्या शेवटी त्यानं अंत्ययात्रेचं संगीत लिहिलं, ते या दुखण्यातूनच. पुढे हात बरा झाला, ठाऊक आहे मला. पण तोवर त्याच्या आईवडिलांच्या जागी कोण जागलं असेल?

आले बघ पुन्हा तिथेच. आणि पियानो तुला मी शिकवायचा! माफ कर. खालच्या काकूंना तुझं मागचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्या ओट्यापाशी उभ्याच राहिल्या. मी नुसतं म्हटलं, "आमची मुक्ता."

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की कळव. विम्याचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत, बाबा फोटो काढून पाठवतील. कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर तुझ्या बाईंना स्वतः सांग. काकूंना मी सांगेन.

तुझी,
आई