ग्यॉटिंगनहून मित्रास पत्र

ग्यॉटिंगन, जर्मनी, डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इकडचं तिकडचं भरपूर लिहिलंस, पण खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत होता: तिथे एकटं वाटतं का? फोनवर विचारलं असतंस तर "नाही रे" म्हणून मी विषय बदलला असता. म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

वाटतं. बहुतेक वेळा रविवारी. इथे रविवारी दुकानं बंद असतात, कायद्यानेच. काय लागेल ते शनिवारीच आणून ठेवायचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काच-कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज करायचा नाही. सुरुवातीला ही शांतता मला अंगावर आल्यासारखी व्हायची. त्यात हा डिसेंबर. सकाळचे आठ वाजून गेले तरी उजाडलेलं नसतं आणि दुपारी चार वाजून गेले की सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे तुझ्यामाझ्यात आता साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर आहे. संध्याकाळची शिकवणी संपवून मी मोकळा होतो तेव्हा घरची मंडळी झोपलेली असतात. तो एक तास मला फार जाणवतो.

पण यावर उतारा मला मिळाला तो गणितातच, आणि हेच तुला नीट सांगायचं आहे.

इथे दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा उदाहरणांचा एक कागद मिळतो. चार उदाहरणं, कधी पाच. सत्रभरातल्या या कागदांवर एकूण निम्मे गुण मिळाले नाहीत तर माझ्या विषयांत परीक्षेलाच बसता येत नाही. आणि कागद दोघांनी मिळून सोडवून द्यायचा असतो. माझा जोडीदार व्हिएतनामचा आहे. त्याची एक सवय मला आधी जड गेली: "हे उघडच आहे" असं मी लिहिलं की तो पेन खाली ठेवतो आणि विचारतो, का उघड आहे? त्या एका प्रश्नापायी आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. पुष्कळदा ते उघड नसतंच. एकदा तर ते साफ खोटं निघालं, आणि दोघांनाही इतका आनंद झाला की काय सांगू. गणित संस्थेच्या इमारतीत जुन्या प्रतिकृतींची कपाटं आहेत, प्लास्टरचे आणि दोऱ्यांचे वक्रपृष्ठभाग. त्यांच्याजवळच्या टेबलावर आम्ही बसतो. आपण तीन वर्षं एका बाकावर बसलो, पण अभ्यास मात्र आपापल्या घरी केला, आठवतं? दुसऱ्याच्या डोक्यात शिरून विचार करणं मी इथे शिकतोय.

मग शिकवणीच्या तासाला कोणीतरी फळ्यावर जाऊन उत्तर समजावून सांगायचं. तास घेणारा आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा. अडलं तर "इथून पुढे मला येत नाही" असं सरळ सांगता येतं, आणि पुढे काय करता येईल याची चर्चा अख्ख्या वर्गाची होते. काही विषयांची परीक्षाही तोंडी असते. प्राध्यापक, शेजारी नोंदी घेणारा एक जण, समोर कोरा कागद, आणि जवळपास अर्धा तास प्रश्न. गुण उलटे: 1.0 सर्वांत चांगले, 5.0 म्हणजे नापास. व्याख्यान दहाचं असेल तर सुरू होतं सव्वादहाला, आणि संपलं की सगळे बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, टाळ्यांऐवजी. शंभरेक हातांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

गाव लहान आहे, जुना भाग पायी सहज फिरून होतो. जुन्या तटाच्या जागी आता झाडांखालची गोल वाट आहे, तिच्यावर मी रोज चालतो. वाटेत गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांचा पुतळा लागतो. 1833 साली या दोघांनी गावाच्या छपरांवरून तार नेऊन वेधशाळेपर्यंत संदेश पाठवले होते. घरोघरी भिंतींवर पाट्या आहेत, इथे कोण कधी राहिलं याच्या. विद्यापीठाच्या मुख्य चौकाला नाव आहे ग्यॉटिंगनच्या सात जणांचं. 1837 साली हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा निषेध करून नोकरी गमावलेले हे सात प्राध्यापक. वेबर त्यांतलाच एक, आणि परीकथावाले ग्रिम बंधूही. बडतर्फ झालेल्या माणसांचं नाव विद्यापीठाने आपल्या चौकाला द्यावं, हे मला फार आवडलं.

पण सगळ्यात जास्त मन ओढतं ते गणितज्ञ एमी नोएथरकडे. सममिती आणि अक्षय्यतेचे नियम यांना जोडणारं जिचं प्रमेय आपण पाठ केलं, तीच. ते प्रमेय 1918 सालचं, म्हणजे तिला इथे स्वतःच्या नावाने शिकवायचा अधिकार मिळाला त्याच्या आदल्या वर्षीचं. तोवर तिची व्याख्यानं इथल्याच प्राध्यापक हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची. आणि 1933 साली नाझी आले तेव्हा ज्यू म्हणून तिला काढून टाकलं. गणितज्ञ कूरांट आणि भौतिकशास्त्रज्ञ बोर्न यांनाही. ती अमेरिकेत गेली आणि दोन वर्षांत वारली. पूर्वी मला ते फक्त प्रमेय होतं. आता संस्थेच्या जिन्यावर ते आठवलं की राग येतो, आणि त्या रागानेच मी परत टेबलाकडे जातो. तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं.

रोजचं बाकीचं थोडक्यात. चौघं मिळून एका घरात राहतो, स्वयंपाकघर एकच, साफसफाईच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या. खोली देण्याआधी घरातल्या तिघांनी माझी मुलाखत घेतली होती! कचरा वेगवेगळ्या डब्यांत. प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत, दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की मिळते. भाषेचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. वर्गात इंग्रजी चालते, पण सरकारी पत्र, घरमालक, डॉक्टरांकडचा फोन हे सगळं जर्मनमध्ये.

तू अर्ज करायचं मनावर घेतलं असशील तर एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, काम आत्ताच सुरू कर. 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. शिकवणी शुल्क या राज्यात नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. पण व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, भरून दाखवावा लागतो. 2024 च्या सप्टेंबरपासून ती रक्कम 11,904 युरो आहे. काकांशी याबद्दल आधीच मोकळेपणाने बोल, कर्ज काढायचं असेल तर बँकेचे हेलपाटे वेळ खातात. आणि खोलीचं उन्हाळ्यातच बघू. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होतं तेव्हा सगळेच शोधत असतात, आणि पत्ता असल्याशिवाय नगरपालिकेत नोंद होत नाही. आमच्या घरातली एक खोली सप्टेंबरमध्ये रिकामी होणार आहे. तुझं नक्की झालं की लगेच कळव, म्हणजे मी बाकीच्या दोघांशी बोलून ठेवतो.

काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती